कापडी फुलांचा सत्कार

…आणि वर मलाच विचारतात, ‘त्यात काय एवढं?’ आता तुम्हीच सांगा, माणसानं यावर बोलावं तरी काय? अहो, आमच्या घरात आजवर जेवढ्या भानगडी झाल्या ना, त्या सगळ्या याच तीन शब्दांनी सुरू झाल्यात. गच्चीवरची टाकी आपणच धुऊ, त्यात काय एवढं? सासरवाडीची माणसं आठवडाभर राहायला येतायत, त्यात काय एवढं? आणि आता या मे महिन्यात, सख्ख्या पोरीच्या लग्नात, नवरीच्या हातात धरायचा बुके घरीच करू, कापडी फुलांचा… त्यात काय एवढं?

थांबा, नीट सांगतो. मी रतिलाल पाटील. दीपनगरला पॉवर हाऊसमध्ये टेक्निशियन होतो, आता रिटायर झालो, भुसावळला घर बांधलंय. मुलगी एकच, कामिनी, धुळ्याला बँकेत आहे. जावई पियुष, शिरपूरचे. जावयांबद्दल तक्रार नाही, मुलगा सोन्यासारखा आहे, बाकीच्यांबद्दल विचाराल तर तुम्हाला घरी जायला उशीर होईल.

तर लग्न ठरलं आणि आमच्या मिसेसनं, चारुलतानं, कात्री हातात घेतली. डीजे? कट. बग्गी? कट. ते लग्नाआधी नवरा-नवरीला नदीकाठी पळवून फोटो काढतात ना, ते? ‘पळायचंय तर लग्नानंतर पळा,’ कट. जळगावची ब्यूटिशियन? ‘आपल्या गल्लीतली मोहिनी काय वाईट मेकअप करते?’ कट. आणि पोरगी प्रत्येक वेळी काय म्हणते, ‘चालेल मम्मी.’ एकदा नाही, दोनदा नाही, सगळ्याला ‘चालेल मम्मी.’ मला बरं नव्हतं वाटत हो. हट्ट करणारी पोरगी परवडली, ही गप्प राहणारी बापाला आतून खाते. शेवटी मीच म्हटलं, ‘बेटा, तुला काहीच नको का?’ तर हळूच म्हणाली, ‘पप्पा, एकच. मांडवात येताना माझ्या हातात फुलं पाहिजेत. आणि मैत्रिणींच्या हातात छोटे छोटे बुके.’ आणि मोबाइलमध्ये फोटो दाखवला. नवरी चालतेय, दोन्ही हातांत फुलांचा गेंद, मागे मैत्रिणी. चेहरा असा की जणू जगात कुणाला उकडतच नाही.

मी लगेच फुलवाल्याकडे. तो म्हणाला, ‘काका, मे महिना, दाट तिथी, माल बाहेरून येणार.’ आणि आकडा सांगितला. तो आकडा मी तुम्हाला सांगत नाही, तुम्ही जेवून आला असाल. वर म्हणतो, ‘आणि गॅरंटी नाही. भुसावळचं ऊन आहे, अकरा वाजता फुलं माना टाकतील.’ मी म्हटलं, ‘अकरा वाजता आमची माणसं पण माना टाकतात, त्यांची गॅरंटी कुणी मागितली?’ आणि घरी येऊन सांगितलं तर चारुलता पोळी लाटता लाटता म्हणते, ‘कापडी फुलं आणू, घरी करू. त्यात काय एवढं?’

झालं. गेलो जळगावला. ते कापडी फुलांचं दुकान म्हणजे, तुम्हाला सांगतो, आत शिरलं की माणसाला आपण मेलोय आणि कुणीतरी आपला फोटो सजवतंय असं वाटतं. दुकानदार म्हणतो, ‘रियल टच आहे काका, हात लावून बघा, असली वाटतं की नाही?’ मी हात लावला. म्हटलं, ‘भाऊ, ओढणी वाटते.’ पण ऐकतंय कोण? मायलेकी रंगात बुडालेल्या. एक रंग दाखवला, म्हणे डस्टी पिंक. म्हणजे धूळ बसलेला गुलाबी. आता मला सांगा, भुसावळात राहणाऱ्या माणसानं धूळ बसलेली वस्तू जळगावहून विकत आणायची? आपल्या गॅलरीत साधा गुलाबी ठेवा, आठ दिवसांत डस्टी करून देतो, फुकट. पण नाही. डस्टी पिंक गुलाब, पांढरी बारीक जिप्सीची फुलं, हिरवी पानं, तारा, टेप आणि एक बंदूक. हो, बंदूक. तिला ग्लू गन म्हणतात. मागून डिंकाची कांडी घालायची, वायर लावायची, पुढून चटका निघतो. डिंक पण निघतो, नंतर.

घरी मोबाइलवर बाई लावली. बाई कुठली परदेशातली, काचेसारखं टेबल, टेबलावर ना माशी ना मुंगी, नखं रंगवलेली. अशी एक काडी घेते, अशी दुसरी घेते, मनगट फिरवते, की झाला बुके. घामाचा एक थेंब नाही. आम्ही इकडे कूलर लावला तर पाकळ्या उडून शेजारच्यांच्या अंगणात, कूलर बंद केला तर आम्ही वितळतोय. आणि डिंक? आपल्याकडे मे महिन्यात डिंक वाळतच नाही हो, तो विचार करत बसतो. फूल चिकटवायचं, आपण चहा घेऊन यायचं, तोवर फूल मान खाली घालून जमिनीवर. माझ्या अंगठ्याला दोनदा चटका बसला, तिसऱ्यांदा मी ओरडलो तर चारुलता म्हणते, ‘एवढी वर्षं पॉवर हाऊसमध्ये काय केलंत?’ अगं, पॉवर हाऊसमध्ये आम्ही कोळसा जाळायचो, अंगठे नाही!

मग मी माझ्या पद्धतीनं करायला घेतलं. नवरीचा मोठा बुके माझ्याकडे, मैत्रिणींचे छोटे तिच्याकडे, अशी वाटणी. मी तारेला तार अशी पिळली की वादळ आलं तरी सप्लाय जाणार नाही. आणि तो त्यांचा हिरवा टेप हातात तुटायला लागला तेव्हा मी माझ्या पेटीतला काळा इन्सुलेशन टेप काढून मूठ गुंडाळली. मजबूत, शॉकप्रूफ. चारुलतानं पाहिलं. ‘अहो, पोरीला बोहल्यावर पाठवायचंय की खांबावर?’ सोडला सगळा. पुन्हा बांधला. पुन्हा सोडला. शेजारच्या काकू डोकावल्या, ‘कापडी फुलं? ही तर फोटोला घालतात ना?’ म्हटलं, हो काकू, ही पूर्ण करता करता माझा फोटो लागेल, तेव्हा उपयोगी पडतील.

पण एक सांगतो. शेवटी तो बुके झाला. चांगला झाला. कामिनी धुळ्याहून आली, तिनं तो दोन्ही हातांनी धरला, आरशासमोर गेली आणि तिथेच उभी राहिली. मागे वळून म्हणाली, ‘पप्पा, हा तुम्ही केलाय?’ मी म्हटलं, ‘नाही, मोबाइलमधल्या बाईनं कुरिअर केला.’ ती हसली नाही. डोळे भरून आले तिचे. आणि मी ठरवलं, बाकी लग्नात काय व्हायचं ते होवो, वरण पातळ होवो, पाहुणे रुसोत, पण हा बुके पोरीच्या हातात मांडवापर्यंत गेलाच पाहिजे.

आता आमच्या बाजूचं लग्न तुम्ही पाह्यलंय की नाही मला माहीत नाही. आमच्याकडे लग्न हे मुळात सत्कारासाठी असतं, मध्ये वेळ मिळाला तर नवरा-नवरी हार घालून घेतात. एक माइकवाला असतो. तो माइक त्याच्या हातातून काढायचा तर लाइटच घालवावी लागते. ‘आपल्या गावाचे भूषण… आपल्या विनंतीला मान देऊन… एवढ्या व्यस्त कार्यक्रमातून…’ माजी सरपंच, आजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, दूध डेअरीचे चेअरमन, चेअरमनचे व्याही. सगळ्यांना टोपी, टॉवेल, नारळ. एकाचं नाव राहिलं तर तो जेवत नाही, जेवला तर पुढची दोन वर्षं बोलत नाही.

हे सत्काराचं खातं मी दिलं आमच्या थोरल्या भावाला, भिकन भाऊला. पारोळ्याकडे गावी शेती, कापूस, साधा माणूस, कुणाचा मान कुठे ठेवायचा ते त्याला बरोबर कळतं. माझीच अक्कल. आणि लग्नासाठी लॉन घेतलेलं, तिथे सामान ठेवायला खोली एकच. एका बाजूला टोप्या-टॉवेल-नारळ, दुसऱ्या बाजूला खोक्यात माझे बुके. आलं ना लक्षात? मला नाही आलं.

मी गेटवर, वरातीची वाट बघत, डोक्याला फेटा, फेट्यातून घाम. आतून माइक ऐकू येतोय, ‘यांचा सत्कार पुष्पगुच्छ देऊन करण्यात येत आहे.’ मी मनात म्हटलं, वा, भिकन भाऊनं पुष्पगुच्छाची पण सोय केली, कधी बोलला नाही. ‘यांचाही सत्कार पुष्पगुच्छ देऊन…’ मी शेजारच्या पाहुण्याला म्हटलं पण, ‘आमचा भाऊ आहे, काही कमी पडू देत नाही.’ आणि तेवढ्यात समोरून दूध डेअरीचे चेअरमन चालत आले. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात… डस्टी पिंक.

मी पळत खोलीत. खोकं रिकामं. भिकन भाऊ कपाळ पुसत समाधानानं उभा. मला बघून म्हणतो, ‘रती, तुनी सोय पाहीसन माले अभिमान वाटना भो. टोपी-टॉवेलसंगे बुके बी! बठ्ठा वाटी टाकात.’ बठ्ठा म्हणजे सगळे. मी म्हटलं, ‘भाऊ, ते कामिनीच्या हातात द्यायचे होते.’ तो म्हणतो, ‘नवरीना हातमा बुके कसाले? नवरीना हातमा हार ऱ्हास.’ आता चूक काय त्याची? जन्मभर त्यानं बुके पाह्यला तो पुढाऱ्याच्या हातात. नवरीला बुके देतात हे त्याला कुणी सांगितलंय? मी विचारलं, ‘मोठा कुठंय? मोठा बुके?’ तर छाती पुढे काढून म्हणतो, ‘मोठा मानुसले मोठा बुके. चिंधा नानाले दिधा. मी का येडा शे?’

चिंधा नाना म्हणजे आमचे माजी सभापती. आता दिलेला सत्कार परत मागायचा कसा? ‘नाना, तुमचा मान चुकून झाला, तेवढा परत द्या’? छोटे बुके आम्ही कसे जमवले ते आमचं आम्हाला ठाऊक. चेअरमन जेवायला बसले आणि मी पंगतीत वाकून ‘भाजी वाढू का’ म्हणत त्यांच्या मांडीशेजारून बुके उचलला, हातात भाजीची बादली नव्हतीच. एक खुर्चीखाली सापडला. एक लहान बाळ चावत होतं, त्याच्याशी मात्र भांडावं लागलं. पण नाना? नाना गेले. दाट तिथी, नानांना त्या दिवशी पाच-सहा लग्नं. पुढचं जामनेर रोडला, लॉनवर. भिकन भाऊ मलाच समजावतो, ‘फुलंच शेतस ना, त्यामा काय एवढं?’ तोपण. अहिराणीत.

वरात अजून यायची होती. शिरपूरची मंडळी बँड घेऊन आलेली, चौकात नाचत होती, आणि नाचणारी माणसं मुहूर्ताचं ऐकत नाहीत हे एक बरं असतं. मी स्कूटर काढली. मागे भिकन भाऊ, ‘चुकी मनी, मी बी येस.’ दोन म्हातारे, दोन फेटे, रस्त्यावर नुसती आग, आणि फेट्याचा शेमला माझ्या तोंडावर. लोक थांबून बघत होते. त्यांना वाटलं असेल, नवरदेव पळाला आणि हे दोघे मागावर आहेत.

पोचलो. तिथे पण तसाच मांडव, तसाच माइकवाला, मला तर वाटतं सगळ्या जिल्ह्यात एकच माइकवाला आहे, फक्त शर्ट बदलतो. आणि नाना निघालेले. गाडीत बसताना मी गाठलं. ‘नाना, तो बुके…’ नाना खूश. ‘अरे रतिलाल, काय बुके दिलास! साधी फुलं असती तर गाडीतच सुकली असती, मी काचेतून टाकून दिली असती. हा ताजाच्या ताजा. मग इथल्या नवरीला देऊन टाकला, शोभा झाली.’ आणि धूळ उडवत गेले. माझ्याच तोंडावर. आता कळलं, डस्टी पिंक का म्हणतात.

मी आत गेलो. मनाशी ठरवलं होतं, सरळ सांगायचं, ताई, चूक झाली, आमचा आहे, द्या. स्टेजपाशी पोचलो. नवरी खुर्चीत बसलेली. साधी पिवळी साडी, हातात हिरव्या बांगड्या, आणि मांडव बघितला तर एक खरं फूल नाही, नुसत्या पताका. आमच्याहून जास्त काटछाट झालेली दिसत होती. तिनं माझा बुके दोन्ही हातांनी धरलेला. अगदी तसाच, आरशासमोर कामिनीनं धरला होता तसा. आणि आईला म्हणत होती, ‘मम्मी, बघ ना, माझ्यासाठी फुलं आणली कोणीतरी.’

आता मागा. मागून दाखवा तुम्ही. भिकन भाऊ म्हणतो, ‘थांब, मी मांगी लेस,’ आणि निघालाच वर. मी त्याचं धोतर धरलं. हो, भर मांडवात धोतर धरलं, काय करणार. मला मागवेना. आणि त्याच वेळी माइकवाल्याची नजर आमच्या फेट्यांवर पडली. संपलं. ‘आत्ताच आपल्यात आगमन झालेले, आपल्या कुटुंबाचे हितचिंतक, फेट्यातले दोन मान्यवर… त्यांनी कृपया स्टेजवर यावं.’ नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, पण फेटा आहे म्हणजे सत्कार. आम्हाला टोपी घातली, फेट्यावरच. टॉवेल दिला. नारळ दिला. आणि नवरा-नवरीच्या मध्ये उभं करून फोटो. नवरीच्या हातात माझा बुके, माझ्या हातात त्यांचा नारळ. फोटोवाला म्हणतो, ‘काका, हसा की जरा.’

परत आलो तर वरात गेटपाशी पोचली होती, अजून नाचत. मी सरळ नवरीच्या खोलीत. कामिनी तयार होऊन बसलेली. मोहिनीनं मेकअप खरंच चांगला केला होता, ओळखू येत होती पोरगी. मैत्रिणींच्या हातात छोटे बुके, एकाला दाताचे व्रण, आणि हिचे हात रिकामे. मी बुकेच्या मागे गेलोय हे तिला कळलं होतं. माझ्याकडे बघितलं. ‘मिळाला?’

‘मिळाला.’

‘मग?’

‘एका नवरीच्या हातात आहे, बेटा. मला मागता नाही आला.’

खोटं काहीतरी सांगायला पाहिजे होतं का? मला सुचलंच नाही. ती खाली बघत होती, मला वाटलं आता रडते, मेकअप जातो, चारुलता मला जिवंत ठेवत नाही. आणि मग ती मान वर करून म्हणते, आवाज कापतोय, तरी म्हणते, ‘जाऊ द्या पप्पा. त्यात काय एवढं?’

एवढी वर्षं हे तीन शब्द ऐकतोय मी, चीडच येते. त्या दिवशी पहिल्यांदा चीड नाही आली. रडू आलं. फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले, म्हटलं घाम आहे. कुणी विश्वास ठेवला नाही.

मग मांडवात न्यायची वेळ झाली. आमच्याकडे नवरीला मामा आणतो, बापानं समोर अंतरपाटापाशी थांबायचं असतं. मामा आला, एका बाजूनं हात धरला. तर कामिनी थांबली. दुसरा हात माझ्याकडे केला. ‘हा रिकामा आहे ना पप्पा, तुम्ही धरा.’ मामाची मिशी थरथरली, ‘असं कुठे असतं का?’ चारुलता मागून म्हणाली, ‘चला हो, त्यात काय एवढं.’ आणि मी चाललो. सगळा मांडव बघतोय, माझा अंगठा चटक्यांनी सुजलेला, तिनं तो सांभाळून, बाकीची चार बोटं घट्ट धरली होती.

समोर फोटोवाला उलटा उलटा चालत होता. तो ओरडतोय, ‘काका, बाजूला व्हा, फ्रेम खराब होते!’ मी अंग बाजूला घेतलं, माणूस सांगतोय तर ऐकावं. हात ओढायला गेलो, पण तो पोरीनं सोडला नाही.

परवा अल्बम आला. मोठा, जाड पुठ्ठ्याचा, मांडीवर ठेवला की उठता येत नाही. मधल्या दोन पानांवर तोच फोटो, कामिनी मांडवात येतेय. एका बाजूला मामा, मिशीसकट पूर्ण. आणि दुसऱ्या बाजूला मी, कोपरापर्यंत. नुसता हात. मी फोटोवाल्याला फोन केला, म्हटलं, ‘अरे, मुलीचा बाप आहे मी, मला कापलंस?’ तर म्हणतो, ‘काका, हात आलाय ना तुमचा? त्यात काय एवढं?’

खरंय त्याचं. हात आलाय. पाहुणे अल्बम बघायला येतात, विचारतात, ‘रतीभाऊ, तुम्ही कुठे दिसत नाही लग्नात?’ मी त्यांना सांगतो, आमच्या अल्बममध्ये एवढाच आहे, अख्खा बघायचा असेल तर जामनेर रोडला जा. तिथे मी स्टेजच्या मधोमध आहे, टोपी घालून, कुणाच्या पोरीच्या लग्नात ते मला अजून माहीत नाही.